बेसुरांचा गाण्याचा तास

समूहगीताच्या तालमीत कधी ना कधी एक वाक्य उच्चारलं जातंच : "तू नुसते ओठ हलव." बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. कार्यक्रम तोंडावर आलेला असतो आणि तिसऱ्या रांगेतला एक आवाज भलत्याच पट्टीत फिरत असतो. तो गप्प केला की गाणं लगेच सुधारतं. मलाही हे ऐकवलं गेलं आहे. तेव्हा वाईट वाटलं नाही; उलट सुटल्यासारखं झालं. वाईट वाटायला बरीच वर्षं जावी लागली. गणितात कच्च्या असलेल्या मुलीला "तू नुसती पेन्सिल हलव, उत्तरं बाकीच्या लिहितील" असं कुणी म्हणत नाही. तिला वेगळं बसवून शिकवतात. गणित शिकता येतं, गाणं मात्र अंगातच असावं लागतं, असा निकाल त्या चार शब्दांत लागून गेलेला असतो.

शाळेतले संगीताचे आणि चित्रकलेचे तास टिकले पाहिजेत, असं जे लिहिलं-बोललं जातं त्यात बहुधा गुणी मुलाचा दाखला असतो. उद्याची गायिका, उद्याचा चित्रकार. तास बंद झाला तर समाज एका कलावंताला मुकेल, वगैरे. ही बाजू मला लंगडी वाटते. गुणी मूल कुठून तरी वाट काढतंच, असं मी म्हणणार नाही. कित्येकांना ती सापडत नाही. घरात ना पेटी, ना रंग, अशा मुलाला आपल्याला गळा आहे किंवा हात आहे हे कळण्याची जागा शाळा हीच असते. तरीही तास त्याच्या नावाने मागितला की वर्गातल्या उरलेल्या मुलांचं काय, याला उत्तर राहत नाही. मग शाळा म्हणते, ठीक आहे, गाणारी मुलं निवडू, त्यांना शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ. झालं. तास गेला आणि पथक उरलं.

तास हवा तो त्या उरलेल्यांसाठी. ज्यांनी तो स्वतःहून कधीच मागितला नसता, त्यांच्यासाठी.

खरोखरच सूर न कळणारी माणसं असतात. वर गेलेला स्वर आणि खाली आलेला स्वर यांतला फरकच त्यांच्या मेंदूला नीट पकडता येत नाही. या जन्मजात अवस्थेला अम्यूझिया म्हणतात. पण अशांचं प्रमाण फार थोडं आहे : जुना अंदाज शंभरात चार, अलीकडचा दीडच्या आसपास. म्हणजे भरलेल्या वर्गात असं मूल एखादं असेल, नसेलही. 'मी बेसूर आहे' म्हणणारे मात्र पावलोपावली भेटतात. त्यांतल्या बहुतेकांचा कान शाबूत असतो. गाणारा घसरला की त्यांना बरोबर कळतं. अडतं ते ऐकलेला स्वर स्वतःच्या गळ्यातून काढताना, आणि ते काम सवयीचं आहे. ज्याला सवयीची गरज सगळ्यात जास्त, नेमकं त्यालाच आपण ओठ हलवायला सांगतो.

हा वाद फार जुना आहे. अमेरिकेत बॉस्टनचे संगीतशिक्षक लोवेल मेसन यांचं म्हणणं होतं की गाणं सगळ्या मुलांना शिकवता येतं. ऐकणाऱ्यांना ते पटेना. गाणं ही देणगी, ती मूठभरांनाच मिळते, असा समज होता. शेवटी मेसन यांनी तिथल्या एका सरकारी शाळेत वर्षभर बिनपगारी शिकवून दाखवलं आणि १८३८ मध्ये शहराच्या शाळा समितीने गायन हा नेहमीच्या अभ्यासाचा भाग केला. त्याआधीच्या वर्षी समितीपुढे जो अहवाल आला होता त्यात गाण्याला तीन कसोट्या लावल्या होत्या : त्याने बुद्धी सुधारते का, नीती सुधारते का, प्रकृती सुधारते का. तिन्हींची उत्तरं होकारार्थी आली. गाण्याने गाणं येतं का, हा प्रश्न बहुधा कुणालाच विचारावासा वाटला नसावा.

तेव्हापासून आजपर्यंत हीच तऱ्हा आहे. कलेला शाळेत शिरायचं तर दुसऱ्या कुणाचं तरी बोट धरावं लागतं. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सने १८७० मध्ये कायदा करून चित्रकला शिकवणं बंधनकारक केलं, आणि दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांनी मोठ्या मुलांना व प्रौढांना औद्योगिक रेखांकन फुकट शिकवावं असं ठरवलं. कारण काय, तर युरोपातून येणाऱ्या मालाशी टक्कर द्यायला कारखानदारांना नक्षी आणि आराखडे काढणारे हात हवे होते. मुलांनी चित्रं काढावीत कारण मुलं चित्रं काढतात, एवढ्याच आधारावर वर्ग चालवणारा माणूस यायला आणखी पाव शतक लागलं. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांचा कलावर्ग सुरू केला. तिथे मोठ्यांच्या चित्रांची नक्कल करायला लावत नसत. मुलाचं चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली आवृत्ती नव्हे, हे त्या वर्गाने पुढच्या कितीतरी शिक्षकांना दाखवून दिलं.

आपल्या काळाने धरलेलं बोट मेंदूचं आहे. त्याची कहाणी इतकी गमतीची आहे की ती जरा सविस्तर सांगायला हवी. १९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक छोटं टिपण आलं. कॉलेजात शिकणाऱ्या ३६ जणांना दहा मिनिटं मोत्सार्टची दोन पियानोंची एक रचना ऐकवली आणि लगेच कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारखी कोडी घातली. शांत बसलेल्यांपेक्षा किंवा मन सैल करणारी ध्वनिफीत ऐकलेल्यांपेक्षा त्यांचे गुण थोडे जास्त आले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत विरला. बस, एवढंच. त्यात मुलं नव्हती, तान्ही बाळं तर नव्हतीच. कुणी काही शिकलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. पण बातमी अशी पसरली की मोत्सार्ट ऐकवला की बाळ हुशार होतं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी जन्मलेल्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत देता यावी म्हणून अंदाजपत्रकात १,०५,००० डॉलरची तरतूद सुचवली. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा फरक नगण्य निघाला. आवडती कुठलीही गोष्ट ऐकली की माणूस थोडा तरतरीत होतो, तेवढाच.

नुसतं ऐकण्यापेक्षा शिकण्याचं काय? त्यावरही काम झालंय. टोरंटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट पाडले. काही कीबोर्ड शिकली, काही गाणं, काही नाटक, काहींना त्या वर्षी काहीच नाही. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : शाळेचं पहिलं वर्ष असल्यामुळे बुद्ध्यंक सगळ्यांचाच वाढला, संगीतवाल्यांचा किंचित अधिक. नाटक शिकलेली मुलं मात्र चारचौघांत वागायला जास्त सुधारली. या निष्कर्षावर बऱ्याच शाळांनी आशा बांधल्या. मग २०२० मध्ये अशा ५४ अभ्यासांची, सुमारे सात हजार मुलांची एकत्र छाननी झाली. त्यात दिसलं असं की प्रयोग जितका काटेकोर, तितका फायदा लहान. सर्वांत काटेकोर प्रयोगांत तो जवळपास शून्यावर येतो.

कलाशिक्षणाच्या बाजूचे लोक हे वाचून हिरमुसतात. मला बरं वाटलं. गणितासाठी म्हणून गाणं ठेवलेल्या शाळेत कुणीतरी सरळ उठून म्हणतं, मग गणितच जास्त शिकवा ना. आणि त्यावर खरंच काही बोलता येत नाही. भूगोलाने भाषा सुधारते का, असं आपण भूगोलाला कधी विचारतो? जगाचा नकाशा ठाऊक असावा, एवढं त्याला पुरतं.

तर मग चित्रकलेने काय येतं? बघायला येतं. हे ऐकायला अगदी किरकोळ वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते.

कुठल्याही सात-आठ वर्षांच्या मुलाला निसर्गचित्र काढायला सांगा. दोन डोंगर, त्यांच्या फटीतून वर येणारा सूर्य, खाली एक झोपडी, झोपडीच्या शेजारून निघून रुंद होत जाणारी नदी, आकाशात टिकमार्क जोडून केलेले पक्षी. त्या मुलाने डोंगर पाहिलेला असो वा नसो, डोंगर असाच येतो. यात काही बिघडलेलं नाही. त्या वयाचं मूल माहीत असलेलं काढतं, दिसणारं काढत नाही. झाड म्हणजे खोड आणि वर ढग. माणूस म्हणजे गोल आणि खाली चौकोन. खरी अडचण नऊ-दहाव्या वर्षी येते. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात हे वय वेगळं काढलेलं आहे. मुलाला आता कळू लागतं की आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाही. ते खोडरबर घेतं, पुन्हा काढतं, कागद फाटतो. मग एक दिवस ते म्हणतं, मला चित्रकला येत नाही. आणि पुष्कळ शाळांमध्ये साधारण याच सुमारास चित्रकलेचा तास आक्रसायला लागतो, कारण आता 'अभ्यास' सुरू झालेला असतो. मूल स्वतःहून बघायला तयार झालं, त्याच वेळी बघायला शिकवणारा वर्गातून निघून जातो. आपल्यातली बहुतेक मोठी माणसं आजही चित्र काढायला बसली तर दहाव्या वर्षीच्या हाताने काढतात, याचं कारण बरंचसं इथे आहे.

माझ्या ओळखीच्या एका चित्रकलेच्या बाई या वयाच्या मुलांना एक उद्योग देतात. डावा हात समोर धरायचा, उजव्या हाताने तो काढायचा, पण कागदाकडे बघायचं नाही. नजर हाताच्या कडेवरून मुंगीसारखी सरकवायची आणि पेन्सिल तेवढ्याच गतीने न्यायची. कागदावर जे येतं ते भयंकर असतं. बोटं एकमेकांत शिरलेली, अंगठा भलतीकडे. वर्ग हसून लोळतो. एकदा मी तिथे बसले होते, तर वर्गातली 'आमची चित्रकार' म्हणून ठरलेली मुलगी चिडून बसली. तिला हात काढता येत होता. पाठ केलेला, छान, पाच बोटांचा. इथे तो चालेना. आणि मागे बसणाऱ्या, वहीला कधी धड कव्हरही नसलेल्या एका मुलाच्या कागदावर करंगळीच्या सांध्यावरच्या सुरकुत्या उतरल्या होत्या, एकेक. तो स्वतःच्या हाताकडे असा बघत होता जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. पुढे तो चित्रकार होईल असं मला वाटलं नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही.

बघणं ही डोळ्यांची आयती गोष्ट नाही, याचा विज्ञानातला एक दाखला मला फार आवडतो. १६०९ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या टॉमस हॅरियट या गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं रेखाटन केलं; गॅलिलिओच्या काही महिने आधी. त्या रेखाटनात चंद्रकोरीची उजेड-अंधाराची सीमा वाकडीतिकडी दिसते, बाकी काही नाही. त्याच वर्षअखेरीस गॅलिलिओने चंद्र पाहिला आणि शाईच्या छटांनी रंगवला. अंधाऱ्या भागात सुटे चमकणारे ठिपके त्याला दिसले. तो म्हणाला, ही डोंगरांची शिखरं आहेत, उजेड आधी त्यांच्यावर पडतो. सावल्यांवरून त्याने त्यांची उंचीसुद्धा काढली. गॅलिलिओची दुर्बीण जास्त ताकदीची होती, तेव्हा सगळं श्रेय चित्रकलेला देणं खरं होणार नाही. पण फ्लॉरेन्समध्ये वाढलेल्या या माणसाला यथार्थदर्शन (सपाट कागदावर जवळ-लांब दाखवण्याची रीत) आणि छायाप्रकाश यांचं शिक्षण मिळालं होतं, सपाट कागदावरचा काळा डाग खोलगट कसा दिसतो हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. हॅरियट गणितात कुठेही कमी नव्हता. त्याच्या १६१० च्या रेखाटनांत मात्र चंद्रावर गोल खळगे दिसू लागतात, आणि तोवर गॅलिलिओचं पुस्तक बाहेर आलेलं होतं.

इथे कुणी म्हणेल, बाई, तुम्हीही फायदेच सांगताय की. सांगतेय. पण हा चित्रकलेचा जोडधंदा नव्हे, हीच चित्रकला. पोहण्याने पोहता येतं, तसं.

गाण्याचंही तसंच. हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोदाय यांनी शाळकरी मुलांच्या गाण्यासाठी आयुष्याचा मोठा भाग खर्ची घातला. १९५० मध्ये केच्केमेत या त्यांच्या जन्मगावी एक प्राथमिक शाळा सुरू झाली, जिथे गाण्याचा तास रोज असे. निवडक मुलांना नव्हे, वर्गातल्या सगळ्यांना. वाद्य नाही म्हणून अडायला नको, गळा प्रत्येकाकडे असतोच, हा त्यामागचा विचार. त्यांच्या पद्धतीत पहिला स्वर कुठल्याही उंचीवर धरता येतो, आपल्या 'सा'सारखा; आणि प्रत्येक स्वराला हाताची एकेक खूण आहे, जी मुळात इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांनी रूढ केली होती. स्वर चढला की हात चढतो. ज्या मुलाला 'वर घे' म्हटल्यावर फक्त आवाज मोठा करणं समजतं, त्याला हात दिसला की 'वर' म्हणजे काय ते कळतं. हे मला माझ्या तिसऱ्या रांगेत असताना कुणी दाखवलं असतं तर, असं मनात येतं खरं. असो.

एकत्र गाताना आणखी एक गोष्ट घडते, जी शाळेच्या दुसऱ्या कुठल्याच तासाला घडत नाही. बाकीच्या तासांना एक तर आपण बोलतो किंवा ऐकतो. गाताना दोन्ही एकाच वेळी करावं लागतं. शेजारचीचा आवाज ऐकू येत नसेल तर आपण फार मोठ्याने गातोय, आणि आपला आपल्याला ऐकू येत नसेल तर फार हळू. समेवर सगळ्यांनी मिळून यायचं. आधी पोचणारा हुशार ठरत नाही, तो चुकलेला असतो. पहिलं येण्याची सवय लागलेल्या मुलांना हे फार जड जातं. मी मागे एका वर्गात पाहिलंय, परीक्षेत पुढे असणारी मुलंच टाळीत सारखी घाई करत होती.

हे सगळं खाजगी क्लासमध्ये मिळत नाही का? मिळतं, पण कुणाला? ज्याच्या आईवडिलांना सुचलं, परवडलं आणि ज्याला न्यायला-आणायला कुणी आहे, त्याला. आणि जो थोडा तरी बरा गातो त्याला. बेसूर मुलाला गाण्याच्या क्लासला घालणारे पालक मी अजून पाहिले नाहीत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा विद्या घराण्याच्या उंबऱ्याआड होती. गुरूची मर्जी, वर्षानुवर्षांची सेवा, मग एखादी चीज. पलुस्करांनी वर्ग भरवले, अभ्यासक्रम आखले, स्वरलिपी केली, पुस्तकं छापली. वर्गात बसवून गवई घडत नाहीत, ही टीका तेव्हापासून होत आली आहे, आणि ती बरीचशी खरीही असेल. पण गवई घडवणं एवढंच कारण असतं तर घराणी पुरेशी होती. ज्याच्या घरात गाणं नाही त्याच्यासाठी दार उघडायला शाळाच लागते. तानसेन-कानसेन हा शब्दखेळ आता घासून गुळगुळीत झालाय, म्हणून तो इथे लांबवत नाही.

कागदावर हे सगळं सर्वमान्य आहे. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यात भिंती नकोत असं स्पष्ट लिहिलंय. त्याआधीच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षकही आहे. पण सहावी ते आठवीसाठी, शंभरहून अधिक मुलांच्या शाळेत, आणि अर्धवेळ. अमेरिकेत २००२ च्या सुरुवातीला लागू झालेल्या शालेय कायद्याने कलांना मुख्य विषयांच्या यादीत मानाने बसवलं आणि वार्षिक चाचण्या मात्र वाचन आणि गणिताच्या ठेवल्या. साहजिकच कित्येक ठिकाणी चाचणीच्या विषयांनी बाकीच्यांचा वेळ खाल्ला. परीक्षा जवळ आली की चित्रकलेच्या तासाला गणिताचे सर येतात. गणिताच्या तासाला चित्रकलेच्या बाई आल्याचं कुणी ऐकलंय?

म्हणून काही जण सुचवतात की कलेचीही परीक्षा घ्या, गुण द्या, म्हणजे तास वाचेल. मला हे पटत नाही. गुण आले की दोन डोंगरांमधला सूर्य परत येतो, अधिक सफाईने, कारण तो चुकत नाही. मी गुण देणार नाही; पण मुलाने वर्षभरात काढलेलं सगळं, फाटलेलं-खोडलेलं धरून, एका फाइलीत ठेवायला लावेन आणि वर्षअखेरीला ते त्याच्याच समोर पसरून बसेन. जूनचा हात आणि मार्चचा हात. दुसऱ्याच्या हाताशी त्याची तुलना करण्याची गरजच पडत नाही. वेळापत्रकाबाबत मात्र मी हट्टी राहीन : कलेचा तास दुसऱ्या विषयाला उसना द्यायचा नाही, आणि तो शनिवारी शेवटचा तर मुळीच ठेवायचा नाही. आठवड्याच्या शेवटी दमलेल्या मुलांना आपण रंग देतो तेव्हा त्यांना ते बरोबर कळतं की हे खेळायला आहे, यात शिकण्यासारखं काही नाही.

एखादी शाळा बघायला गेले की मी बक्षिसांच्या कपाटापाशी फार वेळ थांबत नाही. भिंतीवर मुलांची चित्रं लावलेली असतात, तिथे जाते आणि एखादं वाईट चित्र सापडतं का ते शोधते. बहुतेक ठिकाणी सापडत नाही. चार-पाच मुलांचीच चित्रं वर्षभर फिरवून लावलेली असतात. नाव वाचलं की लक्षात येतं. बरोबर कुणी शिक्षक असतील तर विचारते, या वर्गाची बाकीची कुठे आहेत? कधी कपाट उघडून गठ्ठा काढला जातो. कधी उत्तर येतं, बाकीच्यांना चित्रकला येत नाही.